पुतळ्यांच्या बागेत सामूहिक जिओकॅशिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोज त्याच बागेत फिरायला जाणाऱ्याला विचारून बघा, मधल्या पुतळ्याच्या कोणत्या हातात पुस्तक आहे? दहांपैकी नऊ जण आधी स्वतःचे दोन्ही हात हलवून बघतात आणि मग अंदाजाने सांगतात. हा खेळ मला आवडतो तो यामुळेच. असे शोध मी बरेच आखले आहेत, त्यातले दोन-तीन सपशेल फसलेही. लोक मला पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

हा खेळ नेमका काय आहे?

कुणीतरी एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश सांगतो. बाकीच्यांनी जीपीएसच्या मदतीने तिथे पोचायचं, डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तसा परत ठेवायचा. एवढंच जिओकॅशिंग. पुतळ्यांच्या बागेत आपण त्यात एक पायरी वाढवतो. डब्याची जागा आयती मिळत नाही. तिचे आकडे पुतळ्यांवर विखुरलेले असतात आणि ते गोळा करायला सगळ्यांना एकमेकांची गरज लागते.

डब्यात कॅश असते का?

नसते. हा गैरसमज मराठीत हमखास होतो, कारण उच्चार तोच आहे. हा 'कॅश' शब्द फ्रेंचमधल्या लपवणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला, त्याचा नोटांशी संबंध नाही. डब्यात वही, पेन्सिल आणि फार तर चार किरकोळ वस्तू असतात. निमंत्रणात 'खजिना' असं लिहिलं असेल, तर मुलांना हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर डबा उघडल्यावर होणारे चेहरे बघवत नाहीत.

याची सुरुवात कधी झाली?

मे 2000 मध्ये. तोवर अमेरिकी सरकार नागरी वापराच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटरनी इकडेतिकडे दाखवली जायची. 1 मे 2000 रोजी ही चूक बंद करण्याची घोषणा झाली आणि त्याच रात्री ती अमलात आली. 3 मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यात रस्त्याकडेला एक बादली ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. आत काही पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि घेवड्याच्या बियांचा सीलबंद डबासुद्धा होता. खाण्याची वस्तू डब्यात ठेवायची नाही हा नियम नंतर आला, आणि तो बरोबरच आहे. माणसाआधी उंदीर, कुत्रे आणि मुंग्या डबा शोधतात.

सामूहिक म्हणजे काय? ही शर्यत नाही का?

शर्यत केली तर काय होतं ते मी पाहिलं आहे. सगळे गट एकाच पुतळ्याभोवती गर्दी करतात, पहिला गट उत्तर हाताने झाकतो, दुसरा त्याच्या मागून डोकावतो आणि पुतळ्याकडे कुणीच बघत नाही. म्हणून आता मी काम वाटून देतो. सहा पुतळे, सहा गट आणि प्रत्येकाकडे एकच आकडा. पाच आकड्यांनी डबा सापडत नाही. सहावा गट मागे राहिला तर बाकीचे त्याला चिडवत बसत नाहीत, मदतीला धावतात, कारण अडलेलं घोडं सगळ्यांचंच असतं.

यात एक खाच आहे. ज्याला सोपा पुतळा मिळाला तो गट पाच मिनिटांत मोकळा होतो आणि फोन काढून बसतो. त्यासाठी प्रत्येक आकडा दोन गटांनी स्वतंत्रपणे काढायचा. आपला पुतळा झाला की शेजारच्या गटाचा पुतळा तपासायला जायचं. दोन उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही गटांनी पुतळ्यासमोर उभं राहून वाद घालायचा. खेळातला सर्वांत रंगणारा भाग हाच.

प्रत्येक पुतळ्यापाशी एकेक डबा ठेवला तर?

अधिकृत संकेतस्थळावर नोंद करणार असाल तर तो नियमातच बसत नाही. दोन डब्यांमध्ये निदान 161 मीटर अंतर लागतं, म्हणजे मैलाचा दहावा भाग. मध्यम आकाराच्या बागेत एवढ्या अंतराने दोन-तीन डबे मावतील, सहा नाही. मात्र जिथे डबा नाही, फक्त काहीतरी वाचायचं किंवा मोजायचं आहे, अशा थांब्यांना ही अट नाही. पुतळे या खेळाला इतके सोयीचे पडतात ते यामुळेच.

नियम बाजूला ठेवला तरी पुतळ्यापाशी डबा ठेवू नये असंच माझं मत आहे. चबुतऱ्याच्या फटीत काहीतरी आहे असं एकदा कळलं, की लोक तिथले दगड हलवायला लागतात.

पुतळ्यांवरून डब्याची जागा कशी काढायची?

अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या निरनिराळ्या पद्धती आहेत. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं वापरतात, म्हणजे अंश, मग मिनिटं, आणि मिनिटांच्या दशांश चिन्हानंतर तीन आकडे. अक्षांशाचं एक मिनिट सुमारे 1,852 मीटरचं असतं, त्यामुळे संपूर्ण बाग बहुधा एकाच मिनिटात बसते. अंश आणि पूर्ण मिनिटं सगळ्यांना आधीच सांगून टाका. मग उरतात अक्षांशाचे तीन आकडे आणि रेखांशाचे तीन. बरोबर सहा. (बाग नेमकी मिनिटाच्या रेषेवर असेल तर डबा रेषेच्या एका बाजूला ठेवा, म्हणजे घोळ होत नाही.)

या तीन आकड्यांचं वजन सारखं नसतं आणि आखणी करताना हेच विसरलं जातं. पहिला आकडा एकाने बदलला की जागा 185 मीटरनी सरकते, दुसरा बदलला की साडेअठरा मीटरनी आणि तिसरा बदलला की दोन मीटरांहूनही कमी. रेखांशाच्या बाबतीत ही अंतरं विषुववृत्तापासून दूर जाल तशी आणखी कमी होतात, 60 अंशांवर तर निम्मी.

आता गंमत बघा. पहिला आकडा चुकला तर बिंदू बागेबाहेर, रस्त्यावर किंवा कुणाच्या तरी गच्चीत पडतो. चूक लगेच कळते. तिसरा चुकला तर थोडं इकडेतिकडे शोधून डबा मिळून जातो. दुसरा आकडा मात्र घात करतो. जागा बागेतच असते, दिसते अगदी पटण्यासारखी आणि असते भलतीच. म्हणून ज्या पुतळ्याच्या उत्तराबद्दल तिळमात्र शंका नाही, तो दुसऱ्या आकड्याला द्यावा.

एखाद्या गटाचा आकडा चुकला, तर कुणाचा चुकला हे कसं ओळखायचं?

दोन बेरजा आधी करून ठेवा. समजा खरे आकडे 4, 7, 2, 0, 8, 5 आहेत. साधी बेरीज 26. दुसरी बेरीज करताना पहिल्या आकड्याला 1 ने, दुसऱ्याला 2 ने, असं सहाव्याला 6 ने गुणायचं. ही 'वजनदार' बेरीज येते 94. आता दुसऱ्या गटाने 7 ऐवजी 6 आणला तर साधी बेरीज 1 ने कमी भरते आणि वजनदार बेरीज 2 ने. दुसऱ्या फरकाला पहिल्याने भागलं की 2 येतात, म्हणजे गफलत दुसऱ्या पुतळ्यापाशी आहे. दोन आकड्यांची अदलाबदल झाली तर साध्या बेरजेला पत्ता लागत नाही, पण वजनदार बेरीज लगेच बिघडते. एकाच वेळी दोन गट चुकले तर मात्र ही युक्ती चालत नाही. तेव्हा सगळ्यांनाच पुन्हा पाठवा.

बेरजा गटांना आधी देऊ नका. दोन्ही बेरजा हातात असल्या की चार आकड्यांवरून उरलेले दोन घरबसल्या काढता येतात. एकदा एका मुलीने झाडाखाली बसून अगदी हेच केलं. शाबासकी दिली, पण उरलेल्या दोन पुतळ्यांपाशी गेलेले गट परत आले तेव्हा काय तोंडाने सांगायचं हा प्रश्न पडला होता.

पुतळ्यावरून चांगला प्रश्न कसा काढायचा?

स्वतः जाऊन, पुतळ्याभोवती पूर्ण फेरी मारून. फोटोवरून प्रश्न काढणाऱ्याला पाठीमागची बाजू माहीतच नसते, आणि बहुतेक वेळा मजेशीर गोष्टी मागेच असतात: शिल्पकाराची सही, ओतशाळेचा शिक्का, अंगरख्याच्या घडीत अर्धवट लपलेलं गुंडाळीचं टोक.

मोजायला सांगणार असाल तर मोजणी एकच निघायला हवी. कोटाची बटणं हा मोठा सापळा आहे. पट्ट्याखाली अर्धं दिसणारं बटण धरायचं की नाही, यावर सहा की सात अशी पाऊण तास चर्चा झाली होती. पायऱ्या, चबुतऱ्याच्या बाजू, कोनशिलेवरच्या ओळी, एखाद्या शब्दातली अक्षरं असं काही जास्त भरवशाचं. सालाचा शेवटचा आकडा तर सर्वांत सोपा. फक्त फलकावर जन्माचं, मृत्यूचं आणि अनावरणाचं अशी तीन सालं असतील, तर त्यांपैकी कोणतं ते स्पष्ट लिहा.

'डावा' हा शब्द जपून वापरा. पुतळ्याचा डावा आणि समोरून बघणाऱ्याचा डावा वेगळे असतात. मी आता 'पुतळ्याचा स्वतःचा डावा हात' असं लिहितो. लांबलचक वाटतं, पण भांडण मिटतं.

हलवता येणाऱ्या किंवा निसटणाऱ्या गोष्टींवर प्रश्न नको. चष्मा, तलवारीचं टोक, छडी या वस्तू तुटतात किंवा चोरीला जातात. पुष्पचक्र ठेवलं की खालची तारीख झाकली जाते. एका शिल्पात दगडी पक्षी मोजायचे होते. उत्तर होतं तीन. एका गटाने चार लिहिले, शेजारच्या गटानेही चारच, आणि दोघांची खात्री पक्की. मी स्वतः जाऊन बघितलं तेव्हा चौथा उडाला.

कोरलेली अक्षरं झिजली आहेत, वाचताच येत नाहीत. काय करायचं?

समोरून उजेड टाकू नका, बाजूने टाका. फोनची बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून तिरकी धरली की अक्षराच्या खाचेत सावली पडते आणि जिथे नुसता खडबडीतपणा दिसत होता तिथे शब्द उभा राहतो. सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊनही हेच काम करतं, म्हणून भर दुपारी पाहणी करू नये. अक्षरांत खडू भरणं, पीठ चोळणं, कागद ठेवून पेन्सिल घासणं हे प्रकार मात्र नकोत. झिजलेला दगड आधीच भुसभुशीत झालेला असतो.

पुतळ्याला हात लावला तर एवढं काय बिघडतं?

एका हाताने काही बिघडत नाही. पण तुमच्या खेळात चाळीस हात असतात आणि तुमच्यानंतर आणखी कुणी खेळणार असतं. ब्राँझवर उघड्या हवेत काळसर-हिरवट थर चढतो. हाताच्या घासण्याने आणि घामातल्या क्षारांनी तो निघतो आणि आतला धातू पिवळा चमकायला लागतो. रोममध्ये सेंट पीटरच्या ब्राँझच्या पुतळ्याचा उजवा पाय भाविकांच्या स्पर्शाने इतका झिजला आहे की बोटं वेगळी ओळखू येत नाहीत. एडिंबरातल्या ग्रेफ्रायर्स बॉबी या कुत्र्याच्या पुतळ्याचं नाक असंच चमकतं. नाक चोळलं की नशीब उघडतं, अशी समजूत पसरल्याचा हा परिणाम. नाकाचं काय झालं ते दिसतंच आहे.

मी नियम एवढाच ठेवतो की हात पाठीमागे बांधून बघायचं. मुलांना ते संग्रहालयातल्या साहेबासारखं चालणं फार आवडतं.

घोड्याचे पाय बघून स्वार कसा मेला ते कळतं म्हणतात. हा प्रश्न ठेवता येईल?

ठेवू नका. दोन पाय हवेत म्हणजे रणात मृत्यू, एक पाय उचललेला म्हणजे जखमांनी आणि चारही जमिनीवर म्हणजे नैसर्गिक, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण शिल्पकारांनी असा नियम कधी पाळलेला नाही. काही पुतळे जुळतात, कित्येक जुळत नाहीत. खरी अडचण धातूकामातली असते. दोन पायांवर उभा केलेला घोडा तोलून धरणं अवघड, म्हणून शेपटीचा किंवा खालच्या खडकाचा टेकू द्यावा लागतो. 'घोड्याचे किती पाय जमिनीला टेकले आहेत?' एवढं मात्र बिनधास्त विचारा.

साधा फोन पुरतो की वेगळं यंत्र लागतं?

फोन पुरतो. मोकळ्या आकाशाखाली तो सुमारे 5 मीटरपर्यंत अचूक असतो. जागा ठरवायला निदान चार उपग्रह लागतात. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर असतात आणि तिथून येणारा संदेश फार क्षीण असतो. दाट झाडी त्याला अडवते, उंच भिंत परतवते, मग फोनवरचा बाण वेड्यासारखा फिरतो. ब्राँझला लोहचुंबक चिकटत नाही, पण पुतळ्याभोवतीचं लोखंडी कुंपण फोनमधलं होकायंत्र बिघडवू शकतं.

डब्याचे आकडे घेताना फोन पाच मिनिटं एका जागी स्थिर ठेवा. दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी पुन्हा घ्या आणि सरासरी काढा. शोधणाऱ्यांना सांगा की दहा मीटरवर पोचलात की फोन खिशात टाका आणि डोळे वापरा.

आम्ही आकडे बरोबर टाकले, तरी नकाशा भलतीकडेच का दाखवतो?

बहुधा पद्धतींची सरमिसळ झाली आहे. 12 अंश 30.472 मिनिटं हे कुणी 12.30472 असं टाकलं की बिंदू 22 किलोमीटरांहून जास्त सरकतो. मिनिटांना 60 ने भागून मग अंशांत मिळवायचं असतं. ते केलं की बरोबर उत्तर 12.50787 येतं.

डबा कसा असावा आणि कुठे ठेवावा?

पारदर्शक, झाकणाला रबरी कडा असलेला. बाहेर मोठ्या अक्षरांत 'हा खेळाचा डबा आहे' असं आणि आयोजकाचा संपर्क लिहिलेला. बागेत बेवारस बंद डबा सापडला की लोक घाबरतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेला डबा तर अजिबात नको.

जमीन खणायची नाही, झाडाला खिळा ठोकायचा नाही, वाफ्यात शिरायला लागेल अशी जागा निवडायची नाही. बाकाच्या मागे, कुंपणाच्या खांबाच्या बुडाशी, झुडपाच्या कडेला वाटेवरून हात पोचेल अशी जागा चांगली. वहीसोबत पेन्सिल ठेवा. ओल्या कागदावर पेन दगा देतं.

परवानगी घ्यावी लागते का?

हो, लेखी. तोंडी हो म्हणणारा माणूस त्या दिवशी रजेवर असतो, हा माझा अनुभव आहे. परवानगीच्या कागदाची प्रत जवळ ठेवा आणि कार्यालयात कितीही कागद फिरले तरी माळ्यांना आणि पहारेकऱ्यांना स्वतः भेटा. बाग खरी त्यांच्या ताब्यात असते. पुढच्या आठवड्यात कोणता पुतळा डागडुजीसाठी झाकणार आहेत, कोणत्या कोपऱ्यात रोज सकाळी पाणी सोडतात, हे त्यांनाच ठाऊक असतं.

किती जण हवेत आणि किती वेळ लागतो?

एका गटात तीन ते पाच. सहा झाले की दोघं गप्पा मारायला लागतात. सहा पुतळ्यांना दीड तास पुरतो, त्यातला अर्धा तास वादाचा धरा.

लहान मुलं, वयस्कर मंडळी किंवा चाकाच्या खुर्चीवरचं कुणी असेल तर?

मग आखणी त्यांच्यापासून सुरू करा. प्रश्नाचं उत्तर बसलेल्या माणसाच्या उंचीवरून आणि पक्क्या वाटेवरून दिसलं पाहिजे. जिओकॅशिंगमध्ये डबा शोधायला किती अवघड आणि वाट किती अवघड, हे 1 ते 5 अशा दोन वेगळ्या श्रेणींनी सांगतात. वाटेला 1 द्यायचा तर ती खरोखर चाकांची असायला हवी, एक पायरी आली की तो 1 राहत नाही. माझ्याकडे एकदा नजर अधू झालेले आजोबा होते. त्यांच्या नातीने पुतळ्याचं वर्णन करायचं आणि त्यांनी प्रश्न विचारत राहायचं, असं ठरलं. 'कमरेला काय आहे? मग हात कुठे आहे?' असं करत त्यांनी बाकीच्यांच्या नजरेतून निसटलेली म्यान शोधून काढली.

उत्तरं इंटरनेटवर सापडतात. मग?

नाव आणि सालं सापडतात. पाठीमागच्या पायरीवर किती तडे आहेत ते सापडत नाही. (तडे वाढतात, म्हणून प्रत्यक्षात तेही विचारू नका.)

बागेतले इतर लोक बघत असतील तर लपूनछपून शोधायचं का?

नेहमीच्या जिओकॅशिंगमध्ये खेळाबाहेरच्या माणसाला 'मगल' म्हणतात आणि त्याच्या नजरेस न पडता डबा काढणं ही कला मानली जाते. वीस जणांच्या घोळक्यात ती जमत नाही. कुणी विचारलं तर सरळ सांगा. आमच्या एका शोधात बाकावर बसलेल्या बाईंनी आमचंच उत्तर चुकल्याचं दाखवून दिलं. शिल्पकाराच्या नावातलं जोडाक्षर आम्ही एक धरलं होतं की दोन, हे त्यांनी ऐकलं होतं.

अधिकृत संकेतस्थळावर नोंद करावी का?

एका दिवसाचा खेळ असेल तर गरज नाही. तिथे डबा टिकाऊ असावा, निदान तीन महिने जागेवर राहावा, अशी अपेक्षा असते आणि त्याची देखभाल तुमच्याकडे येते. वही भिजली, डबा गायब झाला, तर जाऊन बघावं लागतं. तेवढी तयारी असेल तर जरूर करा. पुतळ्यांचे आकडे काढून शेवटच्या डब्याकडे नेणारे असे शोध तिथे चालतात.

डबा सापडलाच नाही तर?

आधी दोन्ही बेरजा तपासा. त्या जुळत असतील तर आयोजकाने बंद पाकिटात ठेवलेला डब्याच्या जागेचा फोटो उघडायचा. पाकीट नसेल तर आयोजकाने स्वतः शोधायला यायचं, आणि त्यालाही सापडला नाही तर बाकीच्यांनी हसायचं.

सगळं झाल्यावर डबा तिथेच राहू द्यायचा का?

नोंद केली नसेल तर नाही. वहीत सहाही गटांची नावं लिहून झाली की डबा घरी न्या. येताना एक पिशवी जास्तीची आणा आणि बाहेर पडता पडता वाटेवरचा कचरा गोळा करा. जिओकॅशिंगवाल्यांची ही जुनी सवय आहे. दिशा दाखवायला लावलेल्या पाट्या मोजून आणल्या असतील तर मोजूनच परत न्या. आमची एक पाटी राहिली होती, आणि पुढचे दोन महिने लोक त्या बाणाने झुडपापर्यंत जाऊन परत येत होते, असं माळ्याने सांगितलं.